याउपर काही सांगितले नाही

पाकीट पत्रपेटीत पडलं तेव्हा मी जिन्याच्या शेवटून चौथ्या पायरीवर होतो. पेटीचं पत्र्याचं झाकण वाजलं, टपालवाली बाई "सरकारी आहे हो, सेन्योर तेल्मो," म्हणाली आणि शेजारच्या इमारतीकडे वळली. एवढंच झालं. पण मी कठडा धरून तिथेच उभा राहिलो. एकतीस वर्षं मी असली पाकिटं पाठवत आलो. लिस्बनच्या समोर, नदीच्या या तीरावर, बारेइरोच्या न्यायालयात मी लेखनिक होतो. सुरुवातीला पाकिटं जिभेनंच चिकटवायची पद्धत होती, त्या डिंकाची चव मला अजून आठवते. पण पाकीट ज्याच्या हातात पडतं त्याच्या पोटात काय होतं, हा विचार एकतीस वर्षांत एकदाही शिवला नाही. आता शिवला. पाकीट पेटीतच ठेवून मी वर आलो, दार लावलं, साखळी घातली. पाकीट उघडलं नाही म्हणून तारीख थांबत नाही, हे मी दर गुरुवारी पेन्शनरांच्या क्लबात लोकांना सांगतो. लोक माना डोलावतात. सांगायला काय जातं.

निवृत्त झाल्यावर आमच्या गावातली माणसं तेजो नदीवर गळ टाकून बसतात किंवा पत्ते कुटतात. मला दोन्ही जमत नाही. मी कायदा सांगायला लागलो. दुपारी तीन वाजता पत्त्यांची टेबलं भिंतीला सरकवायची, पंधरावीस म्हातारी माणसं जमायची, आणि मी खडूनं फळ्यावर लिहायचो: गुन्हा म्हणजे काय. हात खिशात गेला तर चोरी, हात गळ्यावर गेला तर लूट. काही गुन्ह्यांत तुम्ही तक्रार केलीत तरच पोलीस हलतात, काहींत तुम्ही नको म्हणालात तरी हलतात. आधी सरकारी वकिलाच्या देखरेखीखाली तपास, मग आरोपपत्र, मग खटला, मग निकाल. आणि गुन्हा केल्यानं होतो तसा न केल्यानंही होतो. ही शेवटची ओळ मी नेहमी थोडं थांबून म्हणायचो, मुलांना भुताची गोष्ट सांगताना थांबावं तसं. मी वकील नाही. पण वकील येतात आणि जातात, लेखनिक बसून राहतो, त्यामुळे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं असा माझा समज होता. समजच तो.

भिंतीबद्दल सांगायला हवं. माझ्या बैठकीच्या खोलीची भिंत आणि एर्मिनियोच्या बैठकीच्या खोलीची भिंत एकच. एर्मिनियो सत्त्याऐंशी वर्षांचा, आयुष्य रेल्वेच्या कारखान्यात बॉयलर ठोकण्यात गेलेलं, त्यामुळे कानानं अर्धा बहिरा आणि हातानं अजून जड. लुर्देस, माझी बायको, शेवटची दोन वर्षं आजारी होती, पलंग याच खोलीत भिंतीला लावलेला. मी दिवसभर न्यायालयात. काही लागलं की ती पलंगाशेजारच्या चपलेनं भिंतीवर तीनदा ठोकायची आणि एर्मिनियो यायचा. एकदा अर्धी दाढी साबणात असताना आला होता. पाणी द्यायचा, उशी सारखी करायचा, एकदा उचलून दवाखान्यात घेऊन गेला. हे सगळं मला संध्याकाळी कळायचं. लुर्देस गेली आणि ठोके उलट्या बाजूनं यायला लागले. तीन ठोके म्हणजे ये. बरणीचं झाकण उघडत नाही, टीव्हीच्या रिमोटमधली बॅटरी संपली, आज वार कोणता. पहिल्या वर्षी मी धावत जायचो. दुसऱ्या वर्षी चालत. तिसऱ्या वर्षी रेडिओवर जाहिराती लागेपर्यंत थांबायचो. माणूस असा हळूहळूच वाईट होतो, एकदम होत नाही, आणि होताना त्याला काही वेगळं वाटतही नाही.

त्या रविवारी फुटबॉलचा सामना चार वाजता सुरू झाला. मी रेडिओ मांडीवर घेऊन बसलो होतो. पलीकडे भांडण चाललं होतं. एर्मिनियोकडे आर्लिंदा यायची, केप वर्दे बेटांवरून कामाला आलेली, पन्नाशीतली, हाडापेरानं मजबूत आणि जिभेनं त्याहून. डॉक्टरांनी त्याचं मीठ बंद केलं होतं, म्हणून तिनं मिठाची बरणी स्वतःच्या घरी नेऊन ठेवली होती. "चोर आहेस तू, माझं मीठ चोरलंस," असं तो ओरडत होता. मध्यंतराच्या जाहिराती संपत आल्या होत्या तेव्हा दार उघडलं. "रात्री सूप गरम करून प्या," ती दारातून म्हणाली. "मीठ आण आधी," तो आतून ओरडला. मग दार लागलं, तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. उत्तरार्ध सुरू झाला. पलीकडे नळ वाजला, खुर्ची सरकली, खोकला. पाच वाजून वीस मिनिटांनी आमच्या संघाला पेनल्टी मिळाली, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे काहीतरी पडलं. जड. मग तीन ठोके. मी रेडिओचं बटण फिरवलं, आवाज मोठा केला. थोड्या वेळानं आणखी दोन ठोके आले. मी आणखी फिरवलं. पेनल्टी वाया गेली. सोमवारी सकाळी आठ वाजता आर्लिंदाची किंकाळी ऐकून आख्खी इमारत जिन्यात आली. तो भिंतीजवळ पडला होता, खुबा मोडलेला, डोक्याला खोक, पण जिवंत. बुधवारी गेला. मधल्या काळात एक शब्दही बोलला नाही.

सोमवारीच एक पोलीस वही घेऊन दारोदार फिरला होता. मी दार अर्धंच उघडलं. काही ऐकलं नाही, रेडिओ चालू होता, असं सांगितलं. दोन वाक्यं. त्यातलं दुसरं खरं होतं, आणि पहिल्याला त्यानंच उचलून धरलं होतं. पोलीस थँक यू म्हणून पुढच्या दाराकडे गेला. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी मात्र पुष्कळ सांगितलं: भांडण ऐकलं, चोर चोर असं ऐकलं, बाईला तावातावानं जाताना पाहिलं. लिस्बनहून एर्मिनियोचा पुतण्या आला, जो सहा वर्षांत दोनदा आला असेल, आणि म्हणाला की बाईनं काकाला ढकललं आणि तसंच टाकून ती निघून गेली. तेव्हापासून माझ्या घरात रेडिओ लागलेला नाही. खुर्ची मी पलीकडच्या भिंतीशी नेली. कप विसळताना तो बशीला लागू नये म्हणून जपतो. भिंतीतून आता काहीच येत नाही, आणि हे काहीच न येणं मी दिवसभर कान देऊन ऐकत असतो. एकदा वरच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकला तर मी टेबलाचा पाय घट्ट धरून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी मी पाकीट काढलं. नाव, पत्ता, तारीख, वेळ, आणि मध्यभागी एक शब्द: साक्षीदार. घटकाभर इतकं हलकं वाटलं की मी जिन्यातच हसलो. मग वर येऊन बसलो आणि हसू जिरलं. लोकांना हे सांगून सांगून माझा घसा सुकला आहे की आमच्याकडे साक्षीदारापेक्षा आरोपी सुखी असतो. खटला उभा राहण्याच्या कितीतरी आधी, तपासातच, माणसाला रीतसर आरोपी करतात. शब्द ऐकायला वाईट, पण त्यात सोय आहे. आरोपीला वकील मिळतो आणि आरोपीला गप्प राहता येतं. साक्षीदाराला बोलावं लागतं, आणि खरं बोलावं लागतं. बोलता बोलता साक्षीदारावरच संशय आला तर जबानी घेणारा तिथेच थांबतो आणि त्याला आरोपी करतो. लिहिणारा हात जिथे थांबतो ती जागा मी शेकडो वेळा पाहिली आहे. साक्षीदाराला ती कळत नाही, तो बोलतच राहतो. मला कळेल. कुठल्या शब्दाला हात थांबेल तेही मला आजच माहीत आहे. संकटातल्या माणसाला मदत न करणं, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. तुरुंगात कुणी मला घालणार नाही हे मला कळत होतं. पण भीती कळण्याचं ऐकत नाही. न्यायालयाच्या बोळात भिंतीवर त्या दिवशीच्या खटल्यांची यादी लावतात, तिच्यात माझं नाव दिसायला लागलं. ते पुकारणारी मुलगी माझ्याच हाताखाली शिकलेली. ती आडनावाशी अडखळेल, खाली बघेल.

साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश त्याचा मथितार्थ सांगायचे, मी टंकायचो. पूर्वी असंच होतं, ध्वनिमुद्रण फार पुढे आलं. आणि प्रत्येक जबानीच्या शेवटी एक ठरलेली ओळ: याउपर काही सांगितले नाही. मासे विकणाऱ्यानं सांगितलं नाही, शाळेच्या बाईनं सांगितलं नाही, ज्याचा मुलगा मेला त्या बापानंही याउपर काही सांगितलं नाही. ओळ इतकी हातात बसली होती की माणूस खुर्चीतून उठायच्या आधी माझी बोटं ती टंकून मोकळी व्हायची. घरी भांडण मिटवताना लुर्देस तीच माझ्या तोंडावर फेकायची: याउपर काही सांगितले नाही, आता जेवायला बस. मला वाटायचं की ही ओळ म्हणजे सत्याला मारलेली गाठ आहे. पण ओळ एवढंच सांगते की माणूस गप्प झाला. का झाला, ते ती विचारत नाही.

आर्लिंदा आली त्या दिवशी मी सूपाची कोबी चिरत होतो. दारावर टकटक झाली आणि सुरी हातातून निसटली. ती आत आली, न सांगता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली, आणि पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. चेहरा उतरला होता, पण बोलण्याची ढब तीच.

"तुम्ही गुरुवारी लोकांना शिकवता ना? मग मला बुधवारी शिकवा. हा शब्द काय आहे?"

मी वाचलं. तिला आरोपी केलं होतं. हक्क आणि कर्तव्यं खाली छापलेली होती, तोच कागद, ज्याचे गठ्ठे आमच्या कपाटात असायचे. मी समजावून सांगायला लागलो. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. सिद्ध करायचं काम त्यांचं, तुमचं नाही. वकील मोफत मिळेल. राहण्याचा पत्ता बदललात तर कळवायचं, पाच दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही न कळवता. माझा आवाज गुरुवारचाच होता, स्वच्छ आणि ठाम, आणि तो ऐकून मलाच माझी किळस आली.

"आणि ते मला विचारतील तेव्हा?"

"तुम्हाला गप्प राहता येतं. त्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध लावता येत नाही."

"तुमच्या पुस्तकात नसेल लावता येत," ती म्हणाली. "जिन्यात लावतात. गप्प बसला तो चोर, माझी आई म्हणायची. मी मिठाची चोर तर आधीच आहे."

ती हसली आणि हसता हसता थांबली. मार्चमध्ये तिचे राहण्याचे कागद नव्यानं करायचे होते. यात नाव आलं तर कोण करून देईल, असं तिनं विचारलं, मला नाही, कोबीकडे बघत. तिची मुलगी इथे नर्सिंग शिकते. दोन घरांची कामं आत्ताच सुटली, एर्मिनियोचं धरून तीन. मग ती म्हणाली की त्या दिवशी ती निघाली ती वेळ तिला नीट सांगता येत नाही, घड्याळ ती घालत नाही, पाण्यात हात असतात. पोलिसांना तिनं साडेचार म्हणून सांगितलं, मग पाच म्हणाली, आणि त्यांनी दोन्ही लिहून घेतलं.

"एवढंच आठवतं की उतरताना तुमच्या रेडिओवर जाहिराती चालल्या होत्या. खोकल्याच्या औषधाची होती. त्याचा काय उपयोग, सांगा."

उपयोग होता. जाहिराती म्हणजे मध्यंतर, मध्यंतर म्हणजे पावणेपाच ते पाच. आणि तो पडला पाच वीसला. तिच्या हातात अर्धी किल्ली होती, उरलेली अर्धी माझ्या खिशात. मी कोबीचं एक पान उचललं आणि परत ठेवलं.

"सेन्योर तेल्मो," ती हळू म्हणाली, "भिंत तुमची एकच. तुम्ही खरंच काही नाही ऐकलं?"

"रेडिओ चालू होता," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, कागदाची घडी घातली, आणि जाताना माझी खाली पडलेली सुरी उचलून विसळून ठेवली. सवयच ती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण न जाणं म्हणजे सांगून टाकण्यासारखंच झालं असतं. नेहमीपेक्षा गर्दी होती. आमच्या इमारतीतल्या तिघी पुढच्या रांगेत बसल्या होत्या, आणि दोना ग्रासिंदा, जी तळमजल्यावर राहते आणि जिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं, तिनं मी खडू उचलायच्या आत विचारलं की शेजारी मरत असेल आणि आपण दार उघडलं नाही, तर तो गुन्हा आहे का. तिला काही माहीत आहे का, की नुसता खडा टाकून बघते आहे, हे मला तिच्या तोंडावरून कळेना. मी फळ्याकडे वळलो, कारण फळ्याला तोंड नसतं. गुन्हा आहे, मी म्हणालो. पण तीन गोष्टी लागतात: संकट खरं असावं, मदत तुम्हाला शक्य असावी, आणि संकट आहे हे तुम्हाला माहीत असावं. माहीत नसेल तर गुन्हा नाही.

"मग माझा नवरा सुटला," ग्रासिंदा म्हणाली. "चाळीस वर्षं हाका मारल्या, तो म्हणायचा मला माहीतच नव्हतं तू हाक मारतेस."

सगळे हसले. मीही हसलो. हसताना माझ्या हातातला खडू मोडला आणि अर्धा टेबलाखाली गेला. तो काढायला वाकलो तेव्हा वाटलं की इथेच बसावं, टेबलाखाली, सगळे घरी जाईपर्यंत. माहीत असावं. हे दोन शब्द मी घरापर्यंत तोंडात घोळवत आलो. बचाव किती सोपा होता. एर्मिनियो रोजच ठोकायचा, सगळी इमारत साक्ष देईल. लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडणाऱ्याकडे कोण धावतं? मला कसं कळणार? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं की शेवटी त्यातला प्रश्न निघून गेला आणि नुसता आवाज राहिला.

तारखेच्या दिवशी मी अर्धा तास आधी पोचलो. ठाण्यातली खोली लहान होती, खिडकीतून रेल्वेच्या बंद कारखान्याची भिंत दिसत होती. जबानी घेणारी मुलगी तिशीची असेल. तिनं आपलं नाव रूत असं सांगितलं, आणि तिची आजी माझ्या गुरुवारच्या वर्गाला येते असंही. आजी म्हणते, ऐकताना भीती वाटते पण मजा येते. मग ती जरा सावरून म्हणाली की इथे शपथ नसते, पण खरं सांगणं बंधनकारक आहे, आणि हे तुम्हाला मी काय सांगणार. तिची बोटं कीबोर्डवर होती. मी त्या बोटांकडे बघत बोलायला लागलो. क्रम मी घरी ठरवून आलो होतो. जे आर्लिंदाला सोडवेल ते आधी सांगायचं, माझं नंतर, म्हणजे मध्येच हात थांबला तरी तिचं लिहून झालेलं असेल. सामना, मीठ, मध्यंतर, खोकल्याच्या औषधाची जाहिरात, दार. सूप गरम करून प्या, असं ती म्हणाली. मीठ आण आधी, असं तो ओरडला. म्हणजे तो तेव्हा धडधाकट होता. पावलं खाली गेली. मग नळ, खुर्ची, खोकला. पाच वीसला पेनल्टी आणि पडल्याचा आवाज.

"म्हणजे ती गेल्यावर वीस मिनिटं तरी झाली होती?"

"वीस ते पंचवीस."

"सोमवारी तुम्ही काहीच ऐकलं नाही असं सांगितलं होतं."

"घाबरलो होतो."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टंकताना मोठ्यानं म्हणाली, त्या वेळी स्मरण झाले नाही. ही दया होती. लिहिणारी माणसं अशी दया करतात, मीही केली आहे, कुणाला न विचारता. बोटं चालतच राहिली. आर्लिंदा सुटत होती, एकेका शब्दानं, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मला काहीच होत नव्हतं. हात थांबला नव्हता. तिनं विचारलं की आणखी काही, आणि मी उत्तर द्यायच्या आत तिनं शेवटची ओळ टंकली. पडदा थोडा माझ्याकडे वळलेला होता. ओळ मला दिसली. प्रिंटर घरघरायला लागला.

सही केली की मी सुटलो. ज्या बाईसाठी आलो होतो तिचं काम झालं होतं, आणि याहून जास्त कुणी मागितलं नव्हतं. घरी जायचं, खुर्ची पुन्हा जागेवर आणायची, रविवारी रेडिओ लावायचा. मी ते चित्र समोर आणून पाहिलं. खुर्चीपर्यंत पोचलो, रेडिओपर्यंत पोचलो, आणि बटणावर हात ठेवायच्या वेळी मला अशी भीती वाटली की गेल्या तीन आठवड्यांची भीती तिच्यापुढे काहीच नव्हती. ती पोलिसांची नव्हती, यादीची नव्हती. त्या खोलीत मला आता कायमचं एकट्यानं बसावं लागणार होतं, आणि त्या खोलीत काय झालं हे फक्त मला माहीत असणार होतं.

"अजून आहे," मी म्हणालो.

"पुरे आहे हे, सेन्योर तेल्मो. त्या बाईपुरतं पुष्कळ झालं."

"तो पडल्यावर त्यानं भिंतीवर ठोकलं. तीनदा. मी रेडिओ मोठा केला."

तिनं हात कीबोर्डवरून उचलले. दाराकडे पाहिलं, दार लावलेलं होतं. मग ती पुढे वाकली आणि आपल्या आजीशी बोलावं तशी बोलायला लागली.

"अहो, तो रोजच ठोकायचा. तुमच्या इमारतीतल्या सगळ्यांनी सांगितलंय, बरणीसाठी ठोकायचा, वार विचारायला ठोकायचा. पडलेला आवाज म्हणजे काय, खुर्चीही पडते. तो संकटात आहे हे तुम्हाला कुठे माहीत होतं? नव्हतं ना माहीत?"

तिनं मला सुटायची वाट उघडून दिली होती. एक नाही पुरे होतं, आणि ते खोटं आहे असं म्हणायला जगात कुणी उरलं नव्हतं.

"माहीत होतं," मी म्हणालो. "एरवी तो उभा राहून ठोकायचा. मी खुर्चीत बसलो की ठोके माझ्या डोक्याच्या वर यायचे. त्या दिवशी ते खालून आले. जमिनीजवळून, माझ्या घोट्यापाशी. पहिल्याच ठोक्याला मला कळलं की तो उभा नाही. मी घोट्याकडे बघितलं आणि मग बटण फिरवलं."

प्रिंटरमधून बाहेर आलेलं पान तिनं उचललं, वाचलं, उलटं करून ठेवलं. मग खण उघडून एक छापील कागद काढला. तो कागद मी ओळखला. त्यावरच्या पहिल्या काही प्रश्नांची उत्तरं आरोपीला द्यावी लागतात, आणि खरी द्यावी लागतात. पुढच्या प्रश्नांना तो गप्प राहिला तरी चालतं. तिनं पेनचं टोपण काढलं. आवाज बदलला होता, सेन्योर गळून पडलं होतं.

"वडिलांचं नाव?"

उभं राहायचं असतं ते न्यायालयात, ठाण्यात तशी गरज नसते. तरी मी उभा राहिलो आणि वडिलांचं नाव सांगितलं.